दोन दिवसांत तीन विश्वसुंदऱ्या

२१ डिसेंबर २०१५ रोजी सोमवार होता आणि एका दैनिकाच्या संकेतस्थळाच्या डेस्कवर माझी सकाळची पाळी होती. सकाळच्या पाळीचे काम तसे ठरलेले असते. रात्रीच्या पाळीने अर्धवट ठेवलेल्या बातम्या पुढे न्यायच्या, छापील अंकातला मजकूर संकेतस्थळावर चढवायचा आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला रात्री जे काही घडत असेल त्यावर एक डोळा ठेवायचा. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला, लास वेगासमध्ये, मिस युनिव्हर्स स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असल्यामुळे त्यांची रविवारची संध्याकाळ आमच्या सोमवारच्या सकाळी उजाडत होती. निकाल लागेल तेव्हा आपले वाचक मोबाइल हातात घेऊन कामाला निघालेले असतील, हे ध्यानात घेऊनच आदल्या रात्री ही बातमी माझ्याकडे सोपवण्यात आली होती.

सौंदर्यस्पर्धेच्या बातमीत मराठी उपसंपादकाला एक जादा अडचण असते. मिस वर्ल्ड आणि मिस युनिव्हर्स या दोन निरनिराळ्या स्पर्धा आहेत. पहिली १९५१ मध्ये लंडनला सुरू झाली, दुसरी १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला, आणि त्या भरवणाऱ्या संस्थाही वेगळ्या आहेत. मराठी मथळ्यात मात्र दोन्हींच्या विजेत्या सर्रास ‘विश्वसुंदरी’ होऊन बसतात. मिस वर्ल्ड म्हणजे जगत्सुंदरी आणि मिस युनिव्हर्स म्हणजे विश्वसुंदरी, असा भेद आमच्या डेस्कने कधीकाळी ठरवलेला होता, पण घाईत तो फारसा कुणी पाळत नसे. (एका सहकाऱ्याने मिस युनिव्हर्ससाठी ‘ब्रह्मांडसुंदरी’ सुचवला होता. तो शब्द एका स्तंभाच्या मथळ्यात मावत नाही, आणि उच्चारला की कीर्तनाला बसल्यासारखे वाटते.) त्यातच दोनच दिवस आधी, म्हणजे शनिवारी १९ डिसेंबरला, चीनमधील सान्या येथे मिस वर्ल्डचा निकाल लागला होता. मिरिया लालागुना हिच्या रूपाने स्पेनला तो किताब प्रथमच मिळाला होता आणि आमच्या शनिवारच्या पाळीने ‘स्पेनची मिरिया विश्वसुंदरी’ असा मथळा देऊन टाकला होता. सोमवारी मला पुन्हा एक विश्वसुंदरी जाहीर करायची होती.

रविवारी रात्री मी घरी बसून बरीच तयारी केली होती. भारताची उर्वशी रौतेला या स्पर्धेत असल्यामुळे पहिला मजकूर अर्थातच तिच्यासाठी होता. १९९४ ची सुश्मिता सेन, २००० ची लारा दत्ता, त्यानंतरची पंधरा कोरडी वर्षे आणि जोडीला एक जुनी आठवण, ती म्हणजे १९९२ मध्ये बँकॉकला तिसऱ्या क्रमांकावर थांबलेली आपली मधू सप्रे. देशाचे नेतृत्व हाती आले तर पहिल्यांदा काय कराल, या प्रश्नाला तिने क्रीडांगण बांधेन असे उत्तर दिले होते, आणि त्या उत्तरामुळेच मुकुट हुकला असे मराठी घरांतून अजूनही बोलले जाते. मला ते उत्तर तेव्हाही प्रामाणिक वाटले होते आणि आजही वाटते. पण ते असो. हा सगळा मजकूर वापरायची वेळच आली नाही. ८० स्पर्धकांतून निवडलेल्या १५ जणींची नावे मंचावर पुकारली गेली आणि त्यांत भारत नव्हता.

या १५ जणी कशा ठरतात, हे बहुतेक वाचकांना ठाऊक नसते. अंतिम सोहळ्याच्या काही दिवस आधी प्राथमिक फेरी होते. तिथे मुलाखत, पोहण्याचा पोशाख आणि संध्याकाळचा पोशाख यांवर गुण दिले जातात. नावे मात्र राखून ठेवतात आणि ती थेट प्रक्षेपणातच फोडतात, त्यामुळे त्या ८० मुलींना आपण आधीच बाद झालो आहोत की नाही हे साऱ्या जगाबरोबरच कळते. भारताचे नाव आले नाही तेव्हा आमच्या डेस्कवरही तसेच काहीसे झाले. मुख्य उपसंपादक माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, “चला, आता दोनशे शब्दांत आटप,” आणि बैठकीला निघून गेले. या कामासाठी माझ्या जोडीला दिलेल्या प्रशिक्षणार्थी मुलाला दुसऱ्या बातमीवर बसवले गेले. आपला स्पर्धक गेला की आपले लक्ष जाते, ही सगळ्याच देशांतल्या वृत्तकक्षांची रीत आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण निकालाच्या क्षणी या बातमीवर मी एकटी होते, आणि त्याच वेळी आणखी दोन बातम्या माझ्या हातात होत्या, एवढे नोंदवून ठेवते.

१५ च्या १० झाल्या आणि १० च्या पाच: अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कोलंबिया, फिलिपिन्स आणि फ्रान्स. मी या पाचही देशांसाठी एकेक आयता परिच्छेद टाइप करून ठेवला. ऑस्ट्रेलियासाठी २००४ ची जेनिफर हॉकिन्स होती, फ्रान्ससाठी थेट १९५३ पर्यंत मागे जावे लागले, आणि अमेरिकेची २०१२ ची विजेती ऑलिव्हिया कल्पो तर त्या दिवशी चार परीक्षकांपैकी एक म्हणून समोरच बसलेली होती. सर्वांत चांगली बातमी कोलंबियाची होणार होती. आधीची मिस युनिव्हर्स पाऊलिना वेगा ही कोलंबियाचीच असल्यामुळे एका कोलंबियन मुलीने दुसरीच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा प्रसंग येणार होता, आणि लागोपाठ दोन वेळा एकाच देशाने जिंकण्याचा योग त्याआधी एकदाच, २००८ आणि २००९ मध्ये, व्हेनेझुएलाच्या वाट्याला आला होता. फिलिपिन्सची कथाही वाईट नव्हती. १९६९ मध्ये ग्लोरिया डियाझ, १९७३ मध्ये मार्गी मोरान, आणि त्यानंतर ४२ वर्षे काहीच नाही. तरीही खरे सांगायचे तर माझे मन कोलंबियाच्या मजकुरात गुंतले होते, कारण तो मला अधिक चांगला साधला होता. आयता मजकूर लिहिण्यात हा एक धोका असतोच. आपल्याला निकालापेक्षा आपले वाक्य प्यारे होऊ लागते.

सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वे यांनी दुसरी उपविजेती म्हणून अमेरिकेच्या ऑलिव्हिया जॉर्डनचे नाव पुकारले. मंचाच्या मध्यभागी कोलंबियाची आरियादना गुतिएरेझ आणि फिलिपिन्सची पिया आलोन्झो वुर्ट्झबाख अशा दोघीच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. हार्वे यांनी कार्डाकडे पाहिले, या प्रसंगी घेतात तेवढा विराम घेतला आणि म्हणाले, “कोलंबिया.” मी बटण दाबले. ‘कोलंबियाची आरियादना गुतिएरेझ मिस युनिव्हर्स’ हा अलर्ट आमच्या सगळ्या वाचकांच्या मोबाइलवर गेला आणि त्याच्या मागोमाग आयता परिच्छेद संकेतस्थळावर चढला. आम्ही पहिले होतो की नव्हतो हे मला आता सांगता येणार नाही, पण पहिल्यांत होतो, आणि त्या क्षणी मला त्याचा आनंद झाला होता हे मी लपवत नाही.

पडद्यावर पाऊलिनाने आरियादनाच्या डोक्यावर मुकुट ठेवला, हातात फुले दिली. ती मुलगी प्रेक्षकांना हात हलवून अभिवादन करत होती, हवेत चुंबने फेकत होती. मी दुसऱ्या बातमीकडे वळले. त्या खिडकीचा आवाज मी बंद केला नव्हता म्हणून केवळ हार्वे यांचा बदललेला स्वर माझ्या कानावर पडला. ते परत मंचावर आले होते आणि मला क्षमा मागायची आहे, असे म्हणत होते. कोलंबिया ही पहिली उपविजेती असून मिस युनिव्हर्स फिलिपिन्स आहे, असे त्यांनी सांगितले, हातातले कार्ड कॅमेऱ्यापुढे धरले आणि चूक आपलीच असल्याचेही सांगून टाकले. पिया जिथे उभी होती तिथेच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. आपल्याला कुणीतरी चुकून हाक मारली असावी, असे काहीसे त्या चेहऱ्यावर होते. मग ती पुढे आली, आणि काही मिनिटांपूर्वी जो मुकुट पाऊलिनाने आपल्या देशभगिनीच्या डोक्यावर ठेवला होता, तोच तिने पुन्हा उतरवून पियाच्या डोक्यावर ठेवला.

मोबाइलवर गेलेला अलर्ट परत घेता येत नाही, वाचकाने तो वाचला की तो त्याचा झाला. म्हणून मी दुसरा अलर्ट पाठवला: ‘घोषणेत चूक, मिस युनिव्हर्स फिलिपिन्सची पिया वुर्ट्झबाख’. इथपर्यंत सगळे ठीक होते. आमचा पहिला अलर्ट चुकीचा ठरला असला तरी तो मंचावरून जाहीर झालेल्या निकालाचाच होता, आणि त्याबद्दल कुणी मला दोष दिलाही नसता.

माझी स्वतःची चूक यानंतर घडली. कोलंबियाची बातमी संकेतस्थळावर उघडी होती, शेकडो लोक त्या क्षणी ती वाचत होते आणि मला ती ताबडतोब दुरुस्त करायची होती. फिलिपिन्ससाठी लिहिलेला परिच्छेद शेजारच्याच फाइलमध्ये पडलेला होता. तो उघडून चिकटवायला अर्धे मिनिट लागले असते. ते न करता मी मथळा आणि विजेतीचे नाव हाताने बदलले आणि उरलेल्या मजकुरात एका आज्ञेने ‘कोलंबिया’च्या जागी ‘फिलिपिन्स’ करून टाकले. मराठीने त्यात मला मदतच केली, कारण दोन्ही शब्दांना प्रत्यय सारखेच लागतात. कोलंबियाने, फिलिपिन्सने, कोलंबियाच्या, फिलिपिन्सच्या. वाक्ये इतकी सुरळीत झाली की वरवर नजर फिरवताना मला कुठेच काही खटकले नाही.

त्यानंतर साधारण दहा मिनिटे आमच्या वाचकांना आमच्याकडून पुढील माहिती मिळत होती. फिलिपिन्सने सलग दुसऱ्यांदा हा किताब पटकावला. गतविजेती पाऊलिना वेगा हीही फिलिपिन्सचीच. आणि या स्पर्धेतील पहिली उपविजेतीही फिलिपिन्सची पिया वुर्ट्झबाखच, म्हणजे एकाच मुलीने एकाच रात्री पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक मिळवले होते. हे माझ्या लक्षात आणून दिले ते दुसऱ्या बातमीवर बसवलेल्या प्रशिक्षणार्थी मुलाने. तो माझ्या टेबलाशी येऊन बराच वेळ नुसता उभा राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “ताई, मग कोलंबियाचं काय झालं?” मजकुरात कोलंबिया हा शब्दच कुठे शिल्लक राहिला नव्हता.

मी मजकूर काढला, नवा लावला, खाली दुरुस्तीची ओळ घातली. एक गोष्ट मात्र दुरुस्त होऊ शकली नाही. बातमी पहिल्यांदा चढवताना तिचा संकेतस्थळावरचा पत्ता जुन्या मथळ्यावरून तयार झालेला असतो आणि तो नंतर बदलला की आधी पाठवलेले सगळे दुवे तुटतात. त्यामुळे फिलिपिन्सच्या विजयाची ती बातमी कोलंबियाच्या पत्त्यावरच राहायला गेली.

दूरध्वनी सुरू झाले होते. बहुतेकांना नुसती गंमत करायची होती. एक आवाज मात्र निवृत्त शिक्षकाचा असावा असा होता; गृहस्थ शांतपणे म्हणाले, “अहो बाई, शनिवारी तुम्ही स्पेनची मुलगी विश्वसुंदरी म्हणून छापलीत. आज सकाळी कोलंबियाची. आता फिलिपिन्सची म्हणताय. दोन दिवसांत तीन विश्वसुंदऱ्या? मी वहीत कुणाचं नाव लिहू?” शनिवारची स्पर्धा वेगळी, आजची वेगळी, आणि आजच्या दोन नावांपैकी दुसरे खरे, असे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले की स्पर्धा दोन असतील तर शब्दही दोन हवेत. याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आमच्याकडे शब्द दोनच होते, आम्ही ते वापरत नव्हतो.

दुपारपर्यंत या बातमीचे स्वरूप पार पालटले. सकाळी दोनशे शब्दांत आटपायची बातमी आता पहिल्या पानावर जायची होती. अंतिम फेरीतल्या उत्तरांविषयी, फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्य असावे का या पियाला विचारलेल्या प्रश्नाविषयी मजकूर तयार होता, पण तो कुणाला नको होता. डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ही संस्था विकली होती आणि नव्या मालकांच्या हाताखालचा हा पहिलाच सोहळा होता, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटत होता. तोही शेवटच्या परिच्छेदात गेला. सगळ्यांना एकच प्रसंग हवा होता, आणि त्या प्रसंगासाठी क्रियापद कोणते वापरायचे यावर संपादकीय बैठकीत अर्धा तास चर्चा झाली. ‘मुकुट हिसकावला’ हे पहिल्याच फटक्यात बाद झाले, कारण कुणी काही हिसकावले नव्हते. ‘मुकुट काढून घेतला’ यात शिक्षेचा वास होता. प्रशिक्षणार्थी मुलाने ‘हातातोंडाशी आलेला घास’ असा मथळा सुचवला, तो मुख्य उपसंपादकांनी “घास नाही रे, मुकुट आहे तो,” असे म्हणून परत केला. शेवटी ‘मुकुट उतरवला’ यावर एकमत झाले. पाऊलिनाने तो ज्या हळुवारपणे उचलला होता, त्याला एवढे एकच क्रियापद शोभत होते. छायाचित्र निवडताना मात्र आम्ही सगळ्यांनी जे केले तेच केले. पियाचे विजयाचे छायाचित्र आत गेले आणि पहिल्या पानावर मुकुट एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्याकडे जातानाचा क्षण आला. जिंकलेल्या मुलीवर त्या दिवशी अन्याय झाला असे मला वाटते, आणि त्यात आमचाही वाटा होता.

हार्वे यांची दिवसभर टिंगल चालू होती. क्षमायाचनेसाठी त्यांनी ट्विटरवर जो संदेश लिहिला त्यात त्यांनी दोन्ही देशांच्या नावांची स्पेलिंगे चुकवली, तेव्हा तर आमच्या डेस्कवर हास्याचा स्फोट झाला. मला त्यात मनापासून सामील होता आले नाही. पाळी संपल्यावर मी त्या कार्डाचे छायाचित्र मोठे करून पाहत बसले. कार्डावर डावीकडे वरून खाली आधी दुसरी उपविजेती, अमेरिका, आणि तिच्याखाली पहिली उपविजेती, कोलंबिया, अशा नोंदी होत्या. विजेत्या फिलिपिन्सची ओळ उजवीकडे खालच्या बाजूला होती. कार्ड हातात धरणाऱ्याचा अंगठा जिथे यावा अशी ती जागा. अमेरिका वाचून झाल्यावर माणसाची नजर साहजिकच खालच्या ओळीवर जाते. हजारो प्रेक्षक समोर, कानात सूचना, आणि जगभर थेट प्रक्षेपण. अशा वेळी नजर जिथे गेली तिथलाच शब्द तोंडातून आला. पुढे ऑस्कर सोहळ्यातही, २०१७ मध्ये, चुकीचे पाकीट मंचावर गेले आणि चुकीच्या चित्रपटाचे नाव पुकारले गेले, तेव्हा मला हेच कार्ड आठवले होते.

मग मी आमच्या संगणकातला निकालाच्या बातम्यांचा साचा उघडला. मतदान असो, क्रिकेटची मालिका असो की सौंदर्यस्पर्धा, सगळ्यांसाठी हाच साचा होता. वरच्या चौकटीत तिसरा क्रमांक, तिच्याखाली दुसरा, आणि विजेत्याची चौकट उजवीकडे तळाशी. कुणी आणि का केला होता हे कुणालाच ठाऊक नव्हते. मी तंत्रविभागाला दोन ओळींचे पत्र लिहिले आणि विजेत्याची चौकट सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, एकटी ठेवून घेतली. त्याच पत्रात एक तिसरी ओळ जोडून जगत्सुंदरी आणि विश्वसुंदरी अशा दोन वेगळ्या वर्गवाऱ्याही करून घेतल्या.

त्यानंतर सहा वर्षांनी, १३ डिसेंबर २०२१ रोजी, पुन्हा सोमवार होता आणि पुन्हा माझी सकाळची पाळी. या वेळी स्पर्धा इस्रायलमधल्या एलात शहरात होती, मिस युनिव्हर्सचे हे ७० वे वर्ष होते, आणि मंचावर सूत्रसंचालक म्हणून पुन्हा स्टीव्ह हार्वेच होते. भारताची हरनाझ संधू शेवटच्या तिघींत पोहोचली तेव्हा माझ्या मागे अख्खा वृत्तकक्ष उभा होता. दक्षिण आफ्रिकेची लालेला मस्वाने दुसरी उपविजेती ठरली. मग पॅराग्वेची नादिया फरेरा आणि हरनाझ अशा दोघीच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. लारा दत्तानंतर २१ वर्षांनी आलेली ही घडी होती. अलर्ट टाइप करून तयार होता.

हार्वे म्हणाले, “इंडिया.” माझ्या मागे आरडाओरडा झाला. मेक्सिकोच्या आंद्रेआ मेझाने मुकुट ठेवला, हरनाझ रडत रडत पुढे चालू लागली, आणि माझे बोट बटणावर तसेच होते. मोबाइल थरथरला. सहा वर्षांपूर्वीचा तो प्रशिक्षणार्थी मुलगा आता दुसऱ्या एका दैनिकात मुख्य उपसंपादक झाला होता आणि त्याच्या दैनिकाचा अलर्ट केव्हाच गेलेला होता. त्याने लिहिले होते, “ताई, तुमची अजून आली नाही?”

मी त्याला उत्तर पाठवले, “हार्वे अजून मंचावर आहेत.”